वडिलांसाठी लावलेला कलप

माझे केस एकतिसाव्या वर्षी पांढरे होऊ लागले. आईच्या माहेरी सगळ्यांचे तसेच होते, त्यामुळे मला त्याचे काही वाटले नाही. वाटले ते वडिलांना. मी जळगावला मोजणी खात्यात होतो आणि ते धुळ्याला एका पेढीवर मुनीम होते. त्या दिवाळीला गेलो तेव्हा त्यांनी मला दारातल्या उजेडात उभे केले, कानावरचे केस दोन बोटांनी बाजूला केले आणि म्हणाले, "हे असं चालायचं नाही." निघताना माझ्या पिशवीत कलपाची बाटली आणि एक जुना ब्रश त्यांनी स्वतःच्या हाताने घातला.

त्यांना का चालत नव्हते ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. आई गेली आणि वर्षाच्या आत नानांनी, म्हणजे वडिलांनी, शिरपूरकडची मुलगी केली. तेव्हा नाना बेचाळीस, मी बावीस आणि नवरी एकवीस. बिजवर चालेल, पण चाळिशीच्या पुढचा नको, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे होते. नानांनी छत्तीस सांगितले. आता बाप छत्तीस वर्षांचा म्हटल्यावर मुलगा बावीसचा दाखवणे कठीण, म्हणून माझीही सहा वर्षे वजा झाली. मी सोळा वर्षांचा झालो. मला नोकरी लागून दोन वर्षे झाली होती, पण लग्नात मिशा काढून मागच्या रांगेत बसलो आणि विचारणाऱ्याला "मॅट्रिकला बसणार" असे सांगितले. नव्या आईला मी मावशी म्हणू लागलो. मावशी माझ्याहून एका वर्षाने लहान होत्या आणि सांगितलेल्या वयांप्रमाणे पाच वर्षांनी मोठ्या.

हे एका दिवसापुरते असेल असे मला वाटले होते. पण वजा केलेली वर्षे परत मिळवता येत नाहीत. एकतिसाव्या वर्षी मी मावशींच्या लेखी पंचवीस होतो. माझ्या डोक्याकडे पाहून कोणी नानांचे वय काढू नये, म्हणून मी कलप लावायचा.

लावला. दर तिसऱ्या रविवारी, पंधरा वर्षे. म्हणजे सुमारे दोनशे साठ वेळा. त्यात एकदाही मी माझ्या हौसेने लावला नाही. माझे काम उन्हातले. अमळनेर, पारोळ्याच्या शेतांवर मोजणीची साखळी धरून हिंडायचे. मे महिन्यात घाम यायचा तो काळा यायचा. सदऱ्याची एकही कॉलर शेवटपर्यंत पांढरी राहिली नाही. बायको कॉलरी घासताना म्हणायची, "अहो, एवढ्या उठाठेवीने तुम्ही तरणे दिसता असंही नाही. नुसते काळे दिसता." ती खरे बोलत होती. तिला मी कारण सांगितले होते, आणि त्यानंतर ती धुळ्याला येणे टाळू लागली.

सेहेचाळिसाव्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, कलप लावल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या पापण्या सुजल्या. डोळे उघडेनात. डोक्याला फोड आले, त्यांतून पाणी येऊ लागले. डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "काम काय करता?"

"शेतं मोजतो. नकाशे काढतो."

"मग कामाला डोळे लागत असतील. कलप आणि डोळे, दोन्ही नाही मिळणार तुम्हाला."

बाटली मी त्याच दिवशी टाकली. आता झटपट मार्ग म्हणजे डोके तुळतुळीत करून घेणे. पण न्हाव्याने वस्तरा हातात घेतला नाही. "वडील आहेत ना तुमचे?" त्याने विचारले. बाप हयात असताना मुलाने डोके करायचे नाही, ही आमच्याकडची रीत, आणि तिची त्याने मला आठवण करून दिली. तेव्हा केस वाढतील तसे वाढू द्यायचे आणि टोकांचे काळे कापत जायचे, एवढेच उरले.

केस महिन्याला अर्धा इंच वाढतात. मी पट्टीने मोजून पाहिले आहे. पहिल्या महिन्यात भांगात चुना सांडल्यासारखी रेघ दिसत होती. तिसऱ्या महिन्यात निम्मे डोके पांढरे आणि निम्मे काळे, शिवाय जुना कलप विटून कडांना तांबडा झालेला. कचेरीत लोक आधी डोक्याकडे पाहायचे, मग तोंडाकडे. शेतावर लोक तोंडावरच बोलत. अमळनेरकडच्या एका बांधावर एक म्हातारी हसत म्हणाली, "काय भाऊ, डोकावर कापूस फुटना का?" तिच्या मुलाने माझ्या हातातली साखळी काढून घेतली. "आबा, तुम्ही सावलीमा बठा. साखळी आम्ही धरतस." गेल्या हंगामात तोच मला भाऊ म्हणत होता. चार महिन्यांत मी भाऊचा आबा झालो. मला राग आला, पण सावलीत बसलो. पाय खरेच दुखत होते आणि पंधरा वर्षांत मला कोणी बसा म्हणाले नव्हते.

सहाव्या महिन्यात शेवटचे काळे टोक कापले गेले. आरशात माझा मामा दिसत होता. मला ते आवडले. डोके खाजत नव्हते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली आणि मी न कळवता धुळ्याची एस.टी. धरली.

नानांनी तोवर धुळ्यातच देवपूर भागात नवे घर बांधले होते. शेजार सगळा नवा होता. नाना सहासष्ट वर्षांचे, पण तिथे साठ. त्यांचे केस काळेभोर होते. दारात मला पाहून त्यांनी आधी शेजारच्या दाराकडे नजर टाकली. मावशींनी पाणी दिले. माझा सावत्र भाऊ एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा, तो "दादा, हे काय!" म्हणून हसला. तेवढ्यात शेजारचे निवृत्त मास्तर पानाचा डबा घेऊन आले. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "हे कोण पाहुणे?"

नानांनी क्षणही लावला नाही. "धाकटा भाऊ. जळगावला असतो."

"धाकटे?" मास्तर मोठ्याने हसले. "नाना, मग तुमचं तुम्हीच बघा हो. हे थोरले दिसतात."

"त्याला काळजी फार," नाना म्हणाले. मग मुलाकडे वळून, "अरे, काकांना आमरस वाढायला सांग."

तो पोरगा माझ्याकडे पाहत उभा राहिला. नाना पुन्हा म्हणाले, "काकांना." तो आत गेला. जेवताना त्याने मला दादाही म्हटले नाही आणि काकाही. पुरणपोळी ताटात ठेवताना नुसते "घ्या" म्हणाला. मी मास्तरांसमोर "मी मुलगा आहे" एवढे तीन शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही. माझी ही सवय माझ्या केसांहून जुनी होती.

मास्तर गेल्यावर नाना म्हणाले, "कळवून यायचं होतंस."

"कळवलं असतं तर?"

"तर नको येऊ म्हटलं असतं."

"डोळे जात होते, नाना."

"टोपी आहे ना जगात?" ते म्हणाले.

मी दुपारच्या गाडीने परतलो. पुढचे दहा महिने गेलो नाही. महिन्याला एक पत्र टाकत होतो. उत्तर सावत्र भावाच्या अक्षरात यायचे. त्यात "ती. दादांस" लिहिलेले असायचे, आणि ते वाचून मला बरे वाटायचे, हेही लिहून ठेवतो.

फाल्गुनात तार आली. नाना अंथरुणावर होते. मी गेलो तेव्हा प्रथम त्यांचे डोके पाहिले. मुळाशी दीड इंच पांढरे. म्हणजे तीन महिने ते आजारी होते आणि मला कोणी कळवले नव्हते. कळवायला त्यांनीच मनाई केली होती. मला जवळ बोलावून ते म्हणाले, "बाटली आण. तुला लावता येतो. लोक बघायला येतात."

मी बाजारात जाऊन मोसंबी आणली. बाटली आणली नाही. विसरलो नव्हतो. त्यांनी पिशवीत हात घालून पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. आठ दिवसांनी ते गेले. त्या आठ दिवसांत ते माझ्याशी बोलले नाहीत.

मडके धरायला मी पुढे झालो तर मास्तरांनी माझा हात धरला. चांगल्या भावनेने, अगदी हळू आवाजात म्हणाले, "काका, तुम्ही कशाला? मुलगा आहे ना त्यांचा." आणि मडके माझ्या सावत्र भावाच्या हाती देऊ लागले. त्या पोराने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. अंगणात पंचवीस-तीस माणसे होती. बापाच्या प्रेतासमोर बापाला खोटे पाडायचे कसे, हे मला समजेना.

आतून मावशींचा आवाज आला. रडून बसलेला, पण स्पष्ट. "थोरला मुलगा तेच आहेत. मडकं त्यांच्याकडे द्या."

मास्तरांनी हात सोडला. मी पुढे चाललो. मागे कोणीतरी कुजबुजले, "मग नाना होते तरी केवढे?" आणि स्मशानात पोहोचेपर्यंत मला खात्री होती की तीसही माणसे मनातल्या मनात हिशोब करत आहेत.

तेराव्यानंतर मी निघायच्या तयारीत होतो. मावशी स्वयंपाकघरात गहू निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "तुम्ही बोललात म्हणून. नाहीतर मी बोललो नसतो. तुम्हाला कधी कळलं?"

"लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात," त्या म्हणाल्या.

मला वाटले मी चुकीचे ऐकले. त्या उठल्या आणि फळीवरून एक पितळी पेला काढून माझ्यासमोर ठेवला. माझ्या बारशाला मामाने दिलेला. काठाखाली ठोके मारून माझे नाव कोरलेले, मामाचे नाव, आणि त्याखाली साल. नानांनी जन्मटिपण लपवले होते, शाळेचे दाखले कुलुपात घातले होते, माझ्या मिशा काढवल्या होत्या. भांड्यांवर साल कोरतात हे मुनिमाच्या ध्यानात आले नव्हते. चोवीस वर्षे ते त्याच पेल्यातून दूध पीत होते.

"चौथीपर्यंत शिकले मी," मावशी म्हणाल्या. "घासताना वाचलं. सोळा वर्षांच्या पोराचं बारसं बावीस वर्षांपूर्वी झालेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाशी? परत जायला का माहेर उघडं होतं?" त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुमच्याशी बोलणार होते एकदा. म्हटलं, तुम्ही तरी खरं सांगाल. तर तुम्ही कलप लावून आलात. मग दर वेळी लावूनच आलात. मी समजले, हेही त्यांच्यातलेच."

"तुम्हाला माहीत आहे हे कळलं असतं तर मी लावला नसता," मी म्हणालो.

"खरं?"

मी खाली बसलो आणि नीट विचार केला. मावशींना माहीत आहे हे मला पहिल्या वर्षीच कळले असते, आणि तरी नानांनी बाटली पिशवीत घातली असती, तर मी काय केले असते.

"लावला असता," मी म्हणालो.

"मग झालं तर," असे म्हणून त्यांनी पेला उचलून परत फळीवर ठेवला आणि सूप मांडीवर ओढून घेतले. माझ्या गाडीला अजून तासभर वेळ होता. मी तिथेच समोर बसून, त्यांच्याबरोबर गहू निवडत राहिलो.