तेलाचा परतीचा पाईप

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. घाटकोपरला डोंगराच्या बाजूच्या गल्लीत माझं गॅरेज आहे, अजून मीच उघडतो आणि मीच बंद करतो. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मला इंजिनाने शिकवलं असं मी लोकांना सांगत आलो. त्यातलं अर्धं खोटं आहे. पाईपांचं काम मला एका माणसाने शिकवलं, आणि तो होता तोवर मी ते कबूल केलं नाही.

तो मूळचा नळवाला, साताऱ्याकडचा. चाळींतून नळ आणि मोऱ्यांचे पाईप टाकायचा. गॅरेजचा नळ गळत होता म्हणून आला तो सोळा वर्षं राहिला. आमच्याकडे तेव्हा जुन्या डिझेल गाड्यांना टर्बो बसवायची कामं यायची. कंपनीने न दिलेला टर्बो आपण बसवायचा, तर त्याच्या तेलाची ने-आण पण आपणच करायची. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो धुराच्या जोरावर फिरतो, असा फिरतो की त्याचा दांडा नुसत्या तेलावर तरंगत असतो. तेल न्यायला बारीक पाईप, त्यात इंजिनाचा दाब असतो. परत आणायला जाड पाईप, तो खाली तेलाच्या चेंबरला जोडतात. परतीला दाब नाही. तेल फेसाळून आपल्या वजनाने घरंगळत येतं. पाईपाला कुठे झोळ पडून पोट आलं, कुठे काही अडलं, की तेल वर तुंबतं, सील ओलांडून धुराच्या वाटेला लागतं, आणि गाडी निळा धूर ओकते.

मी पहिल्यांदा दोन्ही पाईप सारखेच घेतले होते. तो बघून हसला.

"मोरी कधी नळाएवढी असती का रं? हे आमचंच काम हाय. उतार दे, पोट येऊ देऊ नको."

त्याच्या दोन सवयी होत्या. उघड्या तोंडात मी फडक्याचा बोळा कोंबायचो, धूळ जाऊ नये म्हणून. माझी बायको जुन्या साड्या फाडून फडकी द्यायची. तो कधी बोळा वापरायचा नाही. लाकडाच्या खुंट्या तासून ठेवायचा, पिशवीभर. "चिंधी आत बसून राहते. खुंटी बाहेर दिसते," म्हणायचा. दुसरी सवय, पाईप लावायच्या आधी तोंडाला लावून फुंकायचा आणि दुसऱ्या टोकाला तळहात धरायचा. मी त्याला "वाजव बासरी" म्हणून चिडवायचो. तेलाने काळ्या झालेल्या तोंडाने तो हसायचा.

आमचं बिनसलं त्या दिवशी एका भाजीच्या टेम्पोचं काम होतं. टेम्पोवाला समोर खुर्ची टाकून बसलेला. गल्ली गटारासाठी खणलेली, नुसती धूळ. नळवाल्याने परतीचा पाईप चेंबरला लावला, वरच्या तोंडात खुंटी मारली आणि जेवायला गेला. मी टर्बो बसतो का बघायला खुंटी काढली. तेवढ्यात टेम्पोवाल्याने काहीतरी विचारलं. मी तिकडे बोलत राहिलो. परत आलो तर खुंटी सापडेना. मग बोळा केला आणि बोटाने आत दाबला. हे आज मला लख्ख दिसतं. सतरा वर्षं मी ते दिसू दिलं नाही.

तो जेवून आला तेव्हा मी टर्बो चढवून बोल्ट आवळत होतो.

"फुंकलास का?" त्याने विचारलं.

टेम्पोवाला ऐकत होता. मालक कोण ते त्याला कळायला हवं होतं. मी म्हणालो, "तू मला शिकवू नको. तुझ्या मोऱ्या तिकडे."

टेम्पोवाला हसला.

मुलुंड चेकनाक्यापर्यंत गाडी नेली. येताना विक्रोळीला मागे एवढा निळा धूर की मागची रिक्षा दिसेना. मग टर्बो कण्हला आणि अडकला. खोलून बघितला तर आत तेल तुंबलेलं. परतीच्या पाईपाचं काम, म्हणजे त्याचं काम. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, सगळे मिस्त्री तिथे जमतात. मी पाईप हातात घेऊन तिथे गेलो आणि ओरडलो, "गटारवाल्याच्या हातात इंजिन दिलं की अशी वाट लागते!"

तो मागोमाग आला. "पाईप दे इकडं. मी बघतो."

"बघायचंय काय? तुझा उतार चुकला."

"मग फुंक. सगळ्यांसमोर फुंक एकदा."

मी फुंकला नाही. गॅरेजात आलो, खिळा ठोकला, स्टुलावर चढून पाईप टांगला, जोडीला तो बारीक पाईपही. "हा इथेच राहील," म्हणालो, "तुझ्या कामाचा नमुना." त्याने खुंट्यांची पिशवी उचलली आणि गेला. माझ्या शब्दाला गल्लीत वजन होतं, त्यामुळे पुन्हा कुणी त्याला काम दिलं नाही. तो परत नळांकडे गेला. चार वर्षांनी गेलाच, छातीत दुखून. माझी बायको त्यांच्या घरी जाऊन आली. मी पाय दुखतोय म्हणालो.

त्यानंतर ते सुरू झालं. दुपारी गल्ली शांत होते, मी उभा पंखा लावून बसतो. पंख्याचा वारा भिंतीवर गेला की बारीक पाईप वाजायचा. फू, अशी बारीक फुंकर. मी मान वर करायचो. त्याच्या शेजारचा जाड पाईप गप्प. पंखा फिरून परत आला की पुन्हा फू, आणि त्यामागून मला स्वच्छ ऐकू यायचं, फुंकलास का? कधी कधी काळ्या तेलाचा वास यायचा, कुणी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तसा. एकदा मी "ये, बस" म्हणून गेलो. समोर कुणी नव्हतं. पंखा बंद करून घामाने निथळत बसायचो, पण पाईप काढला नाही. काढला असता तर हातात धरावा लागला असता. त्याची ती हरवलेली खुंटी महिन्याभराने बेंचखाली सापडली होती. तीही फेकली नाही. पान्यांच्या खणात होती, रोज हाताला लागायची.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला बघायचं नव्हतं.

तर २०२३ ला मुलुंडची एक दातांची डॉक्टर जीप घेऊन आली. वडिलांची जुनी जीप, तिला टर्बो हवा. मी नको म्हणालो, आता ही कामं करत नाही. ती चिवट. रोज यायची, स्टुलावर बसायची, प्रश्न विचारायची. शेवटी मी काम घेतलं. इंजिन त्या टेम्पोच्याच जातीचं होतं.

मी हात धूत होतो तेव्हा तिने वर बघून विचारलं, "काका, तो पाईप बसेल की याला?"

"तो चुकीचा आहे."

"चुकीचा आहे तर जपून कशाला ठेवलाय?"

मी उत्तर देईपर्यंत ती स्टुलावर चढली होती. पाईप काढला, मोबाईलची बत्ती लावून आत डोळा घातला. "सॉरी हां, भोकात बघायची सवय आहे मला. काका, यात काहीतरी अडकलंय."

"द्या इकडे."

मी पाईप तोंडाला लावला. आयुष्यात पहिल्यांदा. जुन्या तेलाची कडू चव जिभेवर आली. गाल फुगले, कानात दडे बसले. दुसऱ्या टोकाला मी तळहात धरला होता. काही आलं नाही.

डॉक्टरणीने लांब नाकाची पक्कड मागितली आणि हळूहळू ओढून बोळा बाहेर काढला. दगडासारखा झाला होता. "आम्ही पण घालतो कापूस दातात," ती म्हणाली, "पण मोजून घालतो हां." तिने चेष्टेत म्हटलं, तिला काय माहीत. मी खाली बसलो. "काका, पाणी आणू?" मी तिला म्हटलं, उद्या दुपारी या.

ती गेल्यावर बोळा रॉकेलमध्ये धुतला. पाईप स्टुलावर ठेवून उतार बघितला, दोरी धरून. कुठे पोट नाही, कुठे चढ नाही. संध्याकाळी फडकं घरी नेलं. बायकोने उजेडात धरलं.

"हा माझ्या मोरपंखी साडीचा काठ. कुठे मिळाला?"

मी सांगितलं. तिने पोळीचं पीठ तसंच ठेवलं. मग म्हणाली, "तो गेला तेव्हा त्याची बायको मला विचारत होती, भाऊजींनी तो पाईप एकदा तरी फुंकला का हो? मला काय उत्तर होतं?"

"तिच्याकडे जातो."

"जा. पण तिने तर त्याचं म्हणणं खरं मानलंच होतं. नाव तुम्ही टपरीवर घालवलंत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टपरीवर गेलो. त्या दिवसांतले तिघेच उरलेत, त्यात म्हातारा वायरमन. बाकी नवे. पाईप आणि बोळा कपांशेजारी ठेवला.

"सतरा वर्षांपूर्वी मी इथे उभा राहून एका माणसाला गटारवाला म्हणालो. त्याचा पाईप बरोबर होता. बोळा माझा होता. तो फुंक म्हणत होता, मी फुंकला नाही."

वायरमन बशीतला चहा प्यायचा थांबला. "आता कशाला उकरतोस रे? तो गेला."

"म्हणून तर तुला सांगतोय. त्याला सांगता आलं असतं तर सकाळी सकाळी तुझं थोबाड बघायला आलो असतो काय?"

कुणी हसलं नाही. मी पाईप उचलला आणि सगळ्यांसमोर फुंकला. दम पुरेना, पुन्हा फुंकला. वायरमन उठून जवळ आला आणि त्याने दुसऱ्या टोकाला तळहात धरला.

"येतेय," तो म्हणाला.

मी खिशातून खुंटी काढून पाईपाच्या तोंडात मारली, गॅरेजात येऊन बोळा भिंतीवरच्या त्या खिळ्यावर टांगला आणि पाईप घेऊन जीपच्या खाली शिरलो.