अर्ध्या शेळीचे मालक

आपल्याकडचं सगळं वाटून टाकायचं आणि तरी त्यातलं काहीही हातचं जाऊ द्यायचं नाही, ही विद्या साधलेला एकच मनुष्य मी आजवर पाहिला. तो आखातात, जुबैलला, आमच्या वरच्या मजल्यावर राहत असे. दानशूर माणसं तशी पुष्कळ भेटतात, पण त्यांच्या दानापेक्षा दानाचे फोटो जास्त निघतात. आमच्या या शेजाऱ्यांचं दान चार पायांचं आणि बें बें करणारं होतं. इमारतीत जी काही मराठी बिऱ्हाडं होती, त्या सर्वांना त्यांनी एकेका शेळीचं मालक करून ठेवलं होतं. मालक म्हणजे अर्धे मालक. उरलेली अर्धी शेळी त्यांच्या घरी, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, त्यांच्या पत्नीकडे असे. खरं म्हणजे पूर्ण शेळीच तिथे असे. आमच्याकडे फक्त मालकी होती.

आम्ही त्यांना 'वरचे' म्हणत असू आणि ते आम्हाला 'खालचे'. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअर होते. हे काम मोठं चमत्कारिक असतं. ज्या टाकीत कुणी डोकावू शकत नाही, तिच्या आत काय चाललं आहे ते दूर खोलीत बसून काट्यांवरून आणि आकड्यांवरून सांगायचं. आयुष्यभर हे केल्यामुळे, लांबूनही सगळं बघता येतं अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. घरही त्यांनी त्याच पद्धतीने चालवायला घेतलं. घर म्हणजे चार-दोन एकर तुकडा, एक म्हैस, परसात कोंबड्या आणि ही शेरडं. शेळीला ते शेरडूच म्हणत. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बाकीचे लोक पेंगत असताना हे फोनवर गावाकडच्या गोठ्याचा कारभार बघत. एखादी कोंबडी खुडूक बसली की आम्हाला बसमध्येच कळे. कोंबड्यांत मानमोडीची साथ आली तेव्हा आमच्या अख्ख्या बसला सुतक असल्यासारखं वाटलं होतं. एका केरळच्या सहकाऱ्याने न राहवून हिंदीत विचारलं, "घर में किसी की तबीयत खराब है क्या?" वरचे म्हणाले, "हां. सबकी."

एका सुट्टीत त्यांनी गोठ्यात कॅमेरा बसवला. त्याला बोलण्याचीही सोय होती. जुबैलहून बोललं की खानापुरात गोठ्याच्या आढ्यातून आवाज येई. या सोयीचा पहिला उपयोग त्यांनी परत आल्यावर लगेच केला. वहिनी दूध काढत बसल्या होत्या आणि आढ्यातून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, ते पाणी बदल की." परिणामी बोकड गव्हाणीवरून पलीकडे गेला, कोंबड्या माळ्यावर गेल्या आणि दुधाचं भांडं वहिनींच्या मांडीवर उपडं झालं. वहिनी उठल्या. खांद्यावरचा फुलाफुलांचा टॉवेल काढून त्यांनी कॅमेऱ्यावर टाकला. त्या दिवसापासून वहिनी गोठ्यात असेपर्यंत टॉवेल कॅमेऱ्यावर आणि त्या बाहेर गेल्या की टॉवेल खुंटीवर, असा दोन्ही पक्षांत अलिखित तह झाला. वरचे टॉवेलकडेही बराच वेळ बघत बसत. "हललाय," म्हणत, "म्हणजे आत हाय ती."

माणसांपेक्षा जनावरांतली त्यांची अरबी चांगली होती. कंपनीच्या कार्यालयात 'शुक्रन'च्या पुढे त्यांची मजल जात नसे, पण हुफूफच्या जनावरांच्या बाजारात ते तासन्‌तास बोलत. आम्ही खजूर घ्यायला म्हणून जात असू. आमची खजुराची पेटी गाडीत जाऊन ऊन खात बसलेली असे आणि हे कुणा अनोळखी शेखाच्या शेळीचे दात बघत असत. एकदा त्यांनी एका शेळीचे दात, कास, खूर, सगळं इतक्या गांभीर्याने पाहिलं की गिऱ्हाईक पक्कं समजून विक्रेत्याने बसायला सतरंजी घातली, कॉफीचा गहवा मागवला. तो पिऊन झाल्यावर वरच्यांनी शेळीच्या पाठीवर थाप मारली आणि मान हलवत म्हणाले, "कुवैस. खलास." म्हणजे चांगली आहे, संपलं. आता हा विक्रेता आपल्याला हाकलणार म्हणून मी गाडीची किल्ली काढली. पण म्हातारा उठला आणि आपली दुसरी शेळी दाखवायला घेऊन आला. जनावर नीट बघणारा माणूस विकत घेणाऱ्यापेक्षा दुर्मीळ असावा.

आता अर्धलीबद्दल सांगायला हवं. त्यांच्या भागात ही जुनी रीत आहे. एकाने आपली शेळी दुसऱ्याला राखायला द्यायची आणि तिची करडं दोघांनी अर्धी-अर्धी वाटून घ्यायची. याला अर्धलीनं देणं म्हणतात. कागद नाही, सही नाही, फक्त शब्द. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला वरचे रिकाम्या हाताने आले आणि म्हणाले, "परवा शेरडाला एक पाट झालीय, मादी करडू. ती हिची. राखण आमची, अर्धलीनं." आमची मुलगी इंडियन स्कूलमध्ये शिकते. ती आमच्याशी मराठीत बोलण्याचं फारसं मनावर घेत नाही. तिने विचारलं, "विच हाफ, अंकल?"

वरच्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "ते शेरडाला इचारायला पायजे," ते म्हणाले.

मुलीने तिचं नाव डेझी ठेवलं. खानापुरात पोचेपर्यंत तिची डेजव्वा झाली आणि त्या नावाने ती बोलावल्यावर येऊ लागली. कॅमेऱ्याचा पासवर्डही वरच्यांनी आम्हाला दिला. ज्याची शेळी त्याला बघायचा हक्क, हे त्यांचं तत्त्व. असंच आमच्या आधी शेजारच्या जोश्यांना, नंतर तिसऱ्या मजल्यावरच्या नाशिककरांना आणि सरतेशेवटी आमच्या विभागप्रमुखांनाही एकेक शेरडू मिळालं. विभागप्रमुख पुण्याचे. प्रत्येक मीटिंगमध्ये ते आम्हाला 'ओनरशिप घ्या' असं सांगत. त्यांना शेळी दिली तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्याने त्यांना चुकीच्या विमानात बसवल्यासारखा झाला होता. पण पुढे एका मीटिंगमध्ये पडद्यावर आलेख दाखवता दाखवता त्यांच्या लॅपटॉपवर मध्येच एक काळी शेळी उमटली. 'जुळी झाली,' ते इंग्रजीत म्हणाले आणि पुढच्या आलेखाकडे वळले. ओनरशिप त्यांनी खरोखर घेतलेली मी ती एकदाच पाहिली.

हे सगळं भोळसटपणाचं आहे असं माझं मत होतं. एका शुक्रवारी दुपारी वहिनींचा फोन आला आणि ते बदललं.

त्यांचा माझा आधी परिचय नव्हता. टॉवेलमागच्या म्हणून ओळखत होतो एवढंच. "भाऊजी, मी वरच्यांच्या घरातली बोलालीय," त्या म्हणाल्या. "तुमची डेजव्वा विकायची हाय. तेवढं होय म्हणा."

मी म्हटलं, "अहो, मला काय विचारता? विका की."

"असं लगेच होय म्हणू नका. नीट ऐका आधी, मग म्हणा."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा बेंगळुरूला, तो येत नाही. पाला आणणारी बाई मुलीकडे राहायला गेली. कोंबड्या त्यांनी मागेच काढल्या, म्हैसही दिली. राहिली शेरडं. धारवाडला सख्ख्या बहिणीच्या नातवाचं बारसं झालं, त्याला जाता आलं नाही, कारण नेमकं जोश्यांचं शेरडू व्यायला बसलं. "घर सोडून एक रात बाहेर काढून किती वरसं झाली मला, तुमच्या वरच्यांनाच इचारा. ते सांगतील. तिकडनं सगळं दिसतंय त्यांना."

"मग त्यांनाच सांगा ना विकायला."

"सांगितलं. ते म्हणाले, आपलं शेरडू कुठलं हाय त्यात? एक खालच्यांचं, एक जोश्यांचं, काळी तुमच्या मोठ्या साहेबाची. अर्धलीचं जनावर दुसऱ्याच्या शब्दाबिगर इकायचं नसतंय." मग पुढे म्हणाल्या, "मी पयल्यांदा इकायचं नाव काढलं ना भाऊजी, त्या साली ह्यांनी जोश्यांना शेरडू दिलं. दुसऱ्यांदा काढलं तवा तुमच्या लेकीला. आलं का ध्यानात?"

आलं. ज्याला मी भोळसट दानशूर समजत होतो, त्या माणसाने एकेक शेळी आमच्या नावावर करून बायकोचे हात बांधले होते. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या गोठ्याला घातलेली कुलपं होतो, आणि आपल्याला भेट मिळाली म्हणून खूश होतो. मी वहिनींना उद्या सांगतो म्हटलं. एवढी एक गोष्ट नोकरीने मला नीट शिकवली आहे.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. वरचे पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. लांब कारखान्याची ज्योत जळत होती आणि त्यांच्या फोनवर टॉवेल होता.

"फोन आला असंल तुम्हाला," ते म्हणाले. "तुम्ही न्हाई म्हणा."

"का म्हणू? त्या एकट्या मरमर मरतायत तिकडे."

"ठाऊक हाय मला."

"मग?"

त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "हे बघा खालचे. कोंबड्या गेल्या, मी काय बोललो न्हाई. म्हस गेली, न्हाई बोललो. शेरडं गेली की गोठा मोकळा. मोकळ्या गोठ्याचं काय हुतंय ठाऊक हाय? फरशी बसते आणि पोराची गाडी लागते. मग मी जायाचं कशाला? गाडी पुसायला?"

"पण जाताय कुठे तुम्ही? दर वेळी इथे राहायचा इकामा नवा झाला की म्हणता हा शेवटचा."

"शेवटचाच असतोय," ते म्हणाले. "नंतर पुढचा येतोय."

त्यांच्यावर रागावणं अवघड होतं. ज्या गोठ्यात ते राहत नव्हते, त्याच्याच भरवशावर ते इथे राहू शकत होते. तो भरवसा पाल्याचे भारे वाहून दुसरंच कुणी उभा ठेवत होतं, एवढाच त्यात दोष होता. आणि तो लहान नव्हता. मी त्यांना एकच विचारलं. अर्धलीत राखणाऱ्याला जमेनासं झालं तर काय करायचं, याची काही रीत आहे का?

"हाय की," ते लगेच म्हणाले. रीतभात विचारली की त्यांना उत्साह येई. "मालकानं सोता यायाचं आणि दावं धरून शेरडू घेऊन जायाचं. राखणारानं हातात दावं दिलं की सुटला तो."

बोलून झाल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. दूरच्या खोलीत बसून काटे वाचणारा माणूस; स्वतःच्या तोंडून काय निघालं ते त्यांना समजायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना फोन केला. म्हटलं, शेळी विकायला माझा होकार नाही. पण तुम्हाला राखणं जमत नाही हे मान्य आहे, तेव्हा रीतीप्रमाणे मी दावं धरायला यायला हवं. मला रजा नाही. माझ्या वतीने माणूस पाठवतो. तो दावं धरील आणि पुढचं बघील.

"कोण माणूस?" वहिनींनी विचारलं.

"आमच्या वरच्या मजल्यावर राहतात."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "पाठवा. पर टॉवेल काय मी काढायची न्हाई."

जोश्यांनी तोच निरोप दिला, नाशिककरांनीही. विभागप्रमुखांनी एक लांबलचक ईमेल लिहिला. वहिनींना ईमेल नाही, तेव्हा तो वरच्यांनाच मिळाला. त्यात काळ्या शेळीसंबंधी सर्व अधिकार वरच्यांना बहाल केले होते आणि ते त्यांनी जागेवर हजर राहून वापरावेत अशी अट होती. पोकळ मोठेपणावर माझा आयुष्यभर अविश्वास आहे, पण तो ईमेल मी जपून ठेवला आहे. वरच्यांनी तो दोनदा वाचला. "मोठ्या साहेबाचा हुकूम हाय म्हटल्यावर..." असं म्हणत ते कार्यालयात गेले आणि फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जायचा, अर्ज देऊन आले. बायकोचं ऐकून आलो असं गावात सांगण्यापेक्षा हे त्यांना बरं वाटलं असावं.

जाताना त्यांच्या सामानात टीव्ही नव्हता, सोनं नव्हतं. इथल्या लोकांना याचं नवल वाटलं. एक दोरीचं भेंडोळं होतं. हुफूफच्या त्या म्हाताऱ्याने त्यांना दिलेलं, उंटाच्या केसांचं. ते बॅगेत मावेना, म्हणून त्यांनी ते खांद्यावर टाकलं आणि दम्मामच्या विमानतळावर तसेच रांगेत उभे राहिले. माझ्या मुलीला म्हणाले, "डेजव्वाला सांगतो." ती म्हणाली, "ओके अंकल." मग गाडीत घरी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

आता बसमध्ये कुणाला कोंबडीची खबर नसते. आम्ही सगळे शहाण्यासारखे पेंगत जातो. पूर्वी रोज बातम्या येत, कारण बातम्या देणारा इथे होता. आता तो तिथे आहे, डोळ्यांसमोर जनावर आहे, मग सांगायचं काय आणि कुणाला? मालकी आमची अजून तशीच आहे. विभागप्रमुख कधी जिन्यात भेटले तर इकडेतिकडे पाहून विचारतात, "आपल्या... त्यांचं काही कळलं का?" मी नाही म्हणतो. ते मान हलवतात आणि लिफ्टकडे जातात.

एकदाच वहिनींचा फोन आला होता. धारवाडहून. बहिणीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. मागे पोरांचा गोंगाट होता. त्या म्हणाल्या, "शेरडं? बरी असतील की. आता मला कुठलं दिसतंय हितनं."

पासवर्ड अजून चालतो. परवा संध्याकाळी मुलीने हट्ट धरला म्हणून मी कॅमेरा उघडला. टॉवेल होता. फुलं बरीच विटली होती. गोठ्याचा तह बहुधा नव्या माणसाबरोबरही लागू झाला असावा, किंवा त्याला आता कॅमेऱ्याची गरजच उरली नसेल. वाऱ्याने एक कोपरा जरासा उचलला, एक खूर दिसला आणि परत फुलं आली. टॉवेलमागून वरच्यांचा आवाज आला, "अगं, ते पाणी बदल की." आणि लगेच वहिनींचा, "हात हायत न्हवं तुम्हाला?"

मग बादलीची कडी वाजली.

"बाबा," मुलगी म्हणाली. ती मराठीत बोलत होती हे माझ्या नंतर लक्षात आलं. "टॉवेल काढायला सांग ना त्यांना."

मी फोन तिच्या हातात दिला, आणि सांगितलं नाही.