मोकळ्या श्वासाचा ट्रक

प्राणवायूंची आणि माझी ओळख माझ्या अर्ध्या दाढीवर झाली. उरलेली अर्धी करायला सलूनवाला जागेवर नव्हता. तो टेबलाखाली होता.

त्याचं असं झालं, की मी खुर्चीत मान मागे टाकून पडलो होतो आणि एकाएकी एखाद्या डोंगराने खाकरून घसा साफ करावा तसा आवाज आला. आरसे थरथरले. कोपऱ्यातला पंखा एरवी धपाटा घातल्याशिवाय फिरत नसे, तो आपणहून फिरू लागला. समोरच्या पायरीवर एक कुत्रं कित्येक वर्षं झोपून होतं. ते जिवंत आहे हे गल्लीला त्या दिवशी कळलं. तारेवरचे कावळे जे उडाले ते माझ्या माहितीप्रमाणे अजून परतलेले नाहीत.

मग दारात एक जुनाट निळा ट्रक येऊन थांबला. त्याच्या टपावर पत्र्याचा कर्णा बसवला होता, सभेतल्या लाउडस्पीकरला असतो तसला, पण तोंड एवढं मोठं की आत एखादं शेरडू आरामात बसावं. आणि केबिनमधून जो माणूस उतरला तो इतका किरकोळ, की घरात त्याला शिंकायचीसुद्धा चोरी असावी.

"ऐकलंत?" त्याने मला विचारलं.

"मीच काय, पलीकडच्या गावानेही ऐकलं. काय आहे हे?"

"श्वास घेतोय."

"कोण?"

"ट्रक! जन्मात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतोय बिचारा." एवढं बोलून त्याने डोळे पुसले. खरोखरीच पुसले.

लोक त्यांना प्राणवायू का म्हणतात हे मला तेव्हाच कळलं. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावे : इंजिनाला डिझेल कमी पडत नाही, हवा कमी पडते. "चढ चढताना माणूस काय करतो? तोंड उघडतो. मग ट्रकनेच का तोंड मिटून चढायचं?" या प्रश्नावर भल्याभल्यांची बोलती बंद होत असे, कारण उत्तर द्यायला लागलं की ते हातातलं पोतं समोरच्याच्या खांद्यावर देत आणि म्हणत, "आता चढून दाखवा तोंड मिटून."

कर्णा हा त्यांचा शेवटचा शोध. त्याआधी त्यांनी हवेच्या पाइपात पत्र्याचा एक भोवरा बसवला होता, म्हणजे हवा गिरक्या घेत आत जाते म्हणे. मग बाजारातून लालभडक शंकूच्या आकाराची जाळी आणली. प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर डिझेलची बचत छापलेली असायची आणि प्राणवायूंचा छापील मजकुरावर गाढ विश्वास. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "आतापर्यंतच्या सगळ्या बचती मिळवल्या ना, तर गाडी घरी येताना टाकी भरून वाहत यायला पाहिजे. खाली टब ठेवू का?"

कर्ण्याच्या वेळी मात्र त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. एअर फिल्टरच काढून टाकला. "फिल्टर म्हणजे नाकावर बांधलेला रुमाल. रुमाल बांधून कोणी पळतं का?" गॅरेजच्या मेस्त्रीने एकदाच तोंड उघडलं, "धूळ जाईल आत." प्राणवायू म्हणाले, "जाईल तशी बाहेर पडेल." मेस्त्रीने खांदे उडवले आणि कर्णा जोडून दिला. फिल्टर वहिनींनी गॅलरीत नेला आणि त्यावर जास्वंदीची कुंडी ठेवली.

आणि गंमत अशी, की कर्णा बसवल्यापासून गाडी खरंच लवकर पोचायला लागली! वखारीतला माल शहरापलीकडे नेऊन प्राणवायू जेवायच्या आत घरी. सगळे चाट पडले. मीही पडलो, आणि एकदा बघायला म्हणून सोबत गेलो.

तेव्हा उलगडा झाला. आम्ही बाजाररस्त्यावर शिरलो आणि पुढचा सगळा रस्ता दुभंगला. हातगाड्या फुटपाथवर चढल्या. बस भिंतीला चिकटली. चौकातल्या पोलिसाने मागे वळून न बघताच बाकीच्या तिन्ही बाजू अडवल्या आणि आम्हाला सलाम ठोकला. त्याला आगीचा बंब वाटला असावा. आमचा वेग तोच होता, एखादी बाई बाळाला झोपवत चालते तेवढा. फक्त वाटेत कोणी उरलं नव्हतं.

"अहो, गाडी नाही पळत," मी कानात ओरडलो, "लोक पळतायत!"

"ताकद जाणवते त्यांना!" ते आनंदाने ओरडले.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मध्ये साडू आले.

साडू म्हणजे वहिनींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांचं मोठं गोदाम होतं, नवा ट्रक होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वभाव चांगला होता. त्यांनी प्राणवायूंना गोदामात बसून काम बघायला बोलावलं. वहिनींना पटलं. गाडी जुनी, नवरा त्याहून जुना. पण साडूच्या हाताखाली, साडूच्या खुर्चीत, साडूचा चहा पिऊन दिवस काढायचे? प्राणवायूंनी ताट बाजूला सारलं. शेवटी तेच बोलून बसले, "पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ. दोन्ही गाड्यांत सारखी पोती. मी मागे राहिलो तर ट्रक विकतो आणि तुमच्या खुर्चीत येऊन बसतो. पुढे गेलो तर हा विषय कायमचा बंद."

"साडूभाऊ, कशाला उगाच?" साडू म्हणाले.

"घाबरलात?"

"तुमच्या गाडीला नाही. कानांसाठी घाबरतो."

रविवारी सकाळी रस्ता मोकळा बघून दोन्ही ट्रक चढाच्या पायथ्याशी उभे राहिले. साक्षीदार म्हणून मी प्राणवायूंशेजारी. वहिनी साडूंच्या केबिनमध्ये. "मला अजून थोडी वर्षं ऐकू यायला हवंय," असं म्हणून त्या तिकडे चढल्या होत्या.

सुरुवात झाली आणि पहिल्याच वळणावर सगळा निकाल दिसला. साडूंचा ट्रक सभ्य माणसासारखा गुपचूप पुढे निघून गेला. आमचा कर्णा आभाळ फाडत होता आणि शेजारून एक म्हातारी काठी टेकत आमच्या पुढे गेली. रस्त्यावर बाजूला व्हायला कोणी नव्हतंच. प्राणवायूंनी स्टिअरिंगवर छाती टेकवली, जणू तेवढ्याने वजन पुढे सरकेल. "चल राजा," ते पुटपुटले, "खुर्चीत नको बसवूस मला."

मला हसू येत होतं ते थांबलं.

आता, ड्रायव्हर लोकांत एक रीत असते. चढावर मागून भरलेली गाडी जोरात येत असेल तर पुढच्याने बाजूला व्हायचं, कारण तिचा जोर मोडला की ती पुन्हा उचलत नाही. साडू ही रीत जिवापाड पाळणारे. वरच्या वळणावर दोन्ही बाजूंना कातळ होता. आमचा आवाज त्या कातळावर आपटला आणि दुप्पट होऊन साडूंच्या पाठीवर कोसळला. अख्ख्या जन्माची सवय. साडूंनी आरशात न बघताच गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि खिडकीतून हात काढून 'जा' अशी खूण केली.

पण जायला आम्ही तिथे होतोच कुठे? आम्ही पार खाली होतो. साडू हात हलवत राहिले. आम्ही येत राहिलो. बऱ्याच वेळाने जवळ पोचलो तेव्हा केबिनमधून वहिनींचा आवाज कर्ण्यावर मात करून येत होता, "अहो भावोजी, चला ना! शर्यत आहे ही! कोणाला वाट देताय?"

साडूंनी दचकून गिअर टाकला. पण भरली गाडी चढावर एकदा थांबली की सहजी हलत नाही. ती मागे घसरली, थरथरली, बंद पडली. तिच्या शेजारून आम्ही गेलो, इतक्या सावकाश की प्राणवायूंना टोपी काढून नमस्कार करायला भरपूर सवड मिळाली.

टाकीपाशी आम्ही पहिले पोचलो. प्राणवायूंनी खाली उतरून बॉनेटवर गाल टेकला. साडू आले, मनापासून हसले, म्हणाले, "जिंकलात साडूभाऊ. विषय बंद." वहिनी आमच्या ट्रकच्या मागून निघणाऱ्या धुराकडे बघत होत्या. धूर निळा होता, इंजिन आतलं ऑइल जाळतं तेव्हा येतो तसला.

थोड्याच दिवसांनी मेस्त्रीने इंजिन उघडलं. कर्ण्यातून गेलेली धूळ बाहेर पडली नव्हती. तिने आतलं सगळं घासून टाकलं होतं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

ट्रक भंगारात वजनावर गेला. प्राणवायू आता साडूंच्या गोदामात बसतात. खिडकीजवळची खुर्ची आहे. खिडकी ते बंद ठेवतात. धूळ येते म्हणून.