फेसाळलेली होडी

काल पेट्रोलची गळती थांबवायला स्कूटरच्या टाकीला साबण चोळला आणि त्या वासाने मला थेट खडकवासल्याच्या पाण्यावर नेलं. नवं लग्न होतं. बायकोला न विचारता मी शिडाची जुनी होडी घेतली होती आणि दर रविवार दुरुस्तीत जायचा. एका रविवारी ही पहिल्यांदाच सोबत आली. "आज गळली तर विकायची," होडीत बसतानाच हिने बजावलं होतं.

भर पाण्यात तळाची फट गळू लागली. घाबरून मी स्कूटरच्या टाकीसाठी खिशात ठेवलेला साबण फटीत कोंबला. तो विरघळून होडीभर फेस झाला.

डब्याने फेस उपसत ही म्हणाली, "अहो, पुढच्या रविवारी धुणंही घेऊन येऊ!" आणि खदखदून हसली. शरमेने मला तो टोमणाच वाटला.

पुढच्या रविवारी माझ्याआधी ही फट बुजवायला डांबराचा डबा घेऊन स्कूटरपाशी उभी होती.