दारापुढचा निळा ड्रम

लातुरात टँकर यायचे तेव्हा आमच्या गल्लीत प्रत्येक दारापुढं निळा ड्रम असायचा. पुढं नळाला पाणी आलं, पण ड्रम काही आत गेले नाहीत. ते गाडीची जागा धरून बसले. शेजारच्या चाचीचा रिकामा ड्रम रोज माझ्या दाराकडं सरकायचा, आणि मी रोज तो मागं ढकलून भांडायचे.

त्यात शिकवणीची पोरं गल्लीतून मोटारसायकली उडवत जायची. गतिरोधकासाठी बैठक घेतली, तर सगळ्यांचं एकच म्हणणं, "पाहिजेच, पर माझ्या दारापुढं नको."

चाची वैतागली. घरी येऊन तिनं ड्रममध्ये माती भरली आणि कढीपत्ता लावला. "आता ढकलून दाखवा, ताई," म्हणाली. मी चिडून दुसऱ्याच दिवशी माझाही ड्रम भरला. मग समोरच्यांनी भरले. एक या कडेला, एक त्या कडेला. गाड्यांना वळणं घेतच जावं लागतं.

आता त्या इतक्या हळू जातात, की पोरं चालत्या गाडीवरून कढीपत्ता तोडतात. मला भांडायला नवी माणसं मिळाली, आणि या भांडणात चाची माझ्या बाजूनं आहे.