तेही जगायला, हेही जगायला

वय वाढलं की औषधाची वेळ लक्षात राहत नाही. असले किस्से मात्र साठत जातात. सांगावेत की नाही, याची धास्ती वाटते. माझंच चुकत असेल, ही शंका अर्थशास्त्रात पीएच.डी. करूनही गेली नाही. पण संताप अजून जिवंत आहे.

सत्तरच्या दशकात मी जालन्यात एका कॉलेजात शिकवत होतो. इंग्रजीच्या कुलकर्णी सरांचा स्टाफरूममधला लाडका सिद्धांत असा, की देश सुखी आहे का हे बघायचं तर लोक देश सोडतात का ते बघा. मी चाचरत विचारलं, "आणि ज्यांच्याकडे तिकिटालाही पैसे नाहीत, ते राहिले म्हणून सुखी?"

"अपवाद सोडा हो!"

*

दुष्काळात मंठ्याकडचं एक गाव जवळजवळ सगळं जगायला गेलं होतं. काम शोधत बाहेर पडण्याला आमच्याकडे 'जगायला जाणं' म्हणतात. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, गावात भांडणतंटे? सरपंच म्हणाले, एकही नाही. साहेबांनी भाषणात गावाच्या शांततेचं कौतुक केलं.

*

घनसावंगीकडचा भीमराव साळवे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. घरातला पहिलाच शिकणारा. आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन आला, तर हजेरी कमी म्हणून परीक्षा बंद. प्रिन्सिपॉल म्हणाले, भटकायचं तर सुट्टीत भटकावं.

"सर, गेलो नसतो तर हजेरी द्यायला उरलोच नसतो."

त्याचं वर्ष गेलं.

*

त्याच सत्रात कुलकर्णी सर मुलाच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी आठवडाभर मुंबईत होते. त्यांची रजासुद्धा लागली नाही! मी प्रिन्सिपॉलना गाठलं. साळवेच्या हजेरीचा विषय काढला. ते म्हणाले, "अहो, मुलाच्या भवितव्याचा प्रश्न होता."

"साळवेही कुणाचा तरी मुलगाच आहे," एवढंच मला सुचलं. पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं, आणखी काही बोलायला हवं होतं.

*

कुलकर्णींच्या मुलाला निरोप द्यायला सगळा स्टाफ स्टेशनवर. हार, पेढे, फोटो. 'गावाचा अभिमान' वगैरे भाषण झालं. त्याच गाडीला भीमराव पुन्हा निघाला होता, आईबाप आणि बोचकी घेऊन. फोटोत येतात म्हणून कुणीतरी त्यांना हटकलं. भीमरावची आई बाजूला सरकली आणि हारांकडे बघत राहिली. मग तिला कुलकर्णीबाई डोळे पुसताना दिसल्या. ती जवळ गेली.

"बाई, तुमचं लेकरू बी जगायला चाललं का? रडू नका. पाऊस पडला का येतेत माघारी."