लॉर्नाने गाव दाखवलं

पाइक नॅरोजला नवा खेळाडू बोलणी करायला आला की त्याच्या बायकोला गाव दाखवायचं काम लॉर्ना हॅस्केटचं. गावाच्या बर्फावरच्या हॉकीच्या क्लबात, कचेरीत तिची बावीस वर्षं गेली होती. पत्रं टाइप करायची, बस ठरवायची, खेळाडूंना भाड्याची घरं शोधून द्यायची. गडी खेळायचा बर्फ बघून राजी होतो, पण येणं न येणं ठरवते त्याची बायको, हे तिला एवढ्या वर्षांत कळून चुकलं होतं.

त्या वर्षी आपला बीव्हर्स संघ सलग तिसऱ्यांदा तळाला होता. कागद गिरणीतलं मोठं यंत्र बंद झाल्यापासून निम्मी माणसं गाव सोडून गेली होती आणि रिंकमधल्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवतीच्या, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. लीगने बजावलं होतं, पुढच्या हंगामात रिंक भरलं नाही तर संघ दुसऱ्या गावाला जाईल.

"मग हिवाळाभर काय करायचं?" लॉर्नाचा नवरा वॉल्ट म्हणायचा. "तुझं तोंड बघत बसायचं? चौतीस वर्षं बघतोच आहे."

मे महिन्यात मॅनेजर गॉर्ड पेल्कीने एत्येन व्हायांकूरला बोलावलं. नऊ हंगाम वरच्या लीगमध्ये खेळलेला माणूस. गुडघा दुखावल्यामुळे तिथून सुटला होता, पण आमच्यासारख्यांना तो अर्ध्या पायावरही भारी होता.

"एक मोठा आला की त्याच्या नावावर आणखी दोघं येतात," गॉर्ड लॉर्नाला म्हणाला. "पहिला गळाला लागणं महत्त्वाचं. बायकोला तू सांभाळ. नको ते बोलू नकोस."

एत्येनची बायको नोएमी गाडीत लॉर्नाशेजारी बसली. मागच्या सीटवर पाच वर्षांची ओदील झोपली होती. गिरणीजवळून जाताना नोएमीने काच वर केली.

"हा वास रोज असतो?"

"वारा फिरला की जातो. महिन्याभरात जाणवतही नाही."

"हिला दमा आहे," नोएमी म्हणाली. "इथे लहान मुलांचा डॉक्टर आहे ना? तेवढं एक मला खरं सांगा."

डॉक्टर होता. कीलर त्याचं नाव. पण ऑगस्टमध्ये तो गाव सोडणार होता, हे लॉर्नाला ठाऊक होतं; तळ्याकाठचं त्याचं घर तिने क्लबसाठी आधीच बोलून ठेवलं होतं. त्याच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं.

"आहे की," लॉर्ना म्हणाली. "फार चांगला आहे."

शब्द खोटे नव्हते. घरी येऊन तिने स्वतःची हीच समजूत घातली.

व्हायांकूरने सही केली आणि गॉर्ड म्हणाला तसंच झालं. त्याच्याबरोबर खेळायला मिळणार म्हणून विनिपेगचा एक बचावपटू आला, मग एक गोलरक्षक. नोव्हेंबरात संघ तिसऱ्या क्रमांकावर होता. तिकिटासाठी बाहेर थंडीत रांग लागायची. किराणा दुकानात लोक लॉर्नाचा हात हातात घ्यायचे. व्हायांकूर कुटुंब कीलरच्याच घरात उतरलं होतं. डॉक्टर गेल्याचं कळलं तेव्हा नोएमीने विचारलं, आणि लॉर्नाने नवा येतोय म्हणून सांगितलं. हे मात्र सरळ खोटं होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी ओदीलचा श्वास कोंडला. एत्येन संघाबरोबर बाहेरगावी होता. दवाखान्यातल्या नर्सने करता येईल ते केलं आणि पोरीला सडबरी शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. वाटेत बर्फाने रस्ता बंद. बर्फ बाजूला सारणारी गाडी पुढे, रुग्णवाहिका मागे, असे साडेपाच तास गेले. पोर वाचली.

चौथ्या दिवशी लॉर्ना सडबरीच्या इस्पितळात गेली. नोएमी खिडकीशी बसून संत्रं सोलत होती.

"डॉक्टर जाणार हे मला मेमध्येच माहीत होतं," लॉर्ना उभ्या उभ्याच म्हणाली. "तुम्ही राहता ते घर त्याचंच. मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं."

नोएमीने संत्रं खाली ठेवलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला खोटं बोलायला?"

"कुणी नाही. गप्प राहा म्हणाले होते. खोटं माझं मी बोलले."

"का?"

"तुम्ही आला नसता."

"नसतेच आले," नोएमी म्हणाली. "आता जा तुम्ही. ही उठेल, आणि तुम्ही तिला आवडता."

नोएमी परत आली नाही. एत्येन हंगाम पुरा करून गेला. संघ उपांत्य फेरीत हरला, तरी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. रिंक भरलं होतं, म्हणून लीगची धमकी टळली आणि संघ गावातच राहिला.

पुढच्या मेमध्ये गॉर्डने आणखी एक नामांकित खेळाडू बोलणीसाठी आणला. त्याची बायको तेसा सहा महिन्यांची गरोदर होती. गिरणीचा फाटा यायच्या आधीच लॉर्नाने गाडी बाजूला घेतली.

"इथे डॉक्टर नाही," ती म्हणाली. "बाळंतपणाला सडबरीला जावं लागेल. हिवाळ्यात रस्ता बंद होतो. आता सांगा, गाव बघायचं का?"

"नको," तेसा म्हणाली. "पण सांगितलंत ते बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी गॉर्डने कचेरीचं दार लावून घेतलं.

"तुला एवढंच बोलायचं होतं तर मला आधी सांगायचंस. मी दुसरं कुणी पाठवलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

"उद्यापासून तिकीट खिडकीवर बस," तो म्हणाला. "बायकांना गाव माझी बहीण दाखवेल."

त्या हिवाळ्यात संघ पुन्हा घसरून सातव्या क्रमांकावर गेला. रांग आखूड झाली होती. तिच्यामुळे खेळाडू हातचा गेला म्हणून खिडकीपाशी काही जण तिच्याशी न बोलता तिकीट घेऊन जायचे. वॉल्टही महिनाभर नीट बोलला नाही. मग एका सामन्याला आपणहून खिडकीत येऊन तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला. लॉर्नाने नोएमीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. डॉक्टरचं तळ्याकाठचं घर अजून रिकामंच आहे.